ठासणीच्या बंदुकीच्या किटचा दस्ता तडकला तर

दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, ठरावीक जागीच तडकतो आणि प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं. ते कारण तसंच ठेवून नुसता गोंद भरला, तर थोड्याच बारांत तडा पुन्हा उघडतो.

अमेरिकेत केंटकी किंवा हॉकेन या जुन्या घाटाच्या रायफलींची किटं, म्हणजे घरी जोडायचे सुटे भाग, अर्धवट घडवलेल्या अक्रोड, बीच वा मेपलच्या दस्त्यासह मिळतात. खालची माहिती त्यांच्यासाठी आहे. भारतात, उदाहरणार्थ कोकणातल्या शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचं काम, १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक कारागिराकडेच द्यावं लागतं.

बंदूक जोडलेली असेल तर आधी नळी रिकामी आहे का ते पाहा. गज (बार ठासायची दांडी) तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तेवढाच गज नळीला बाहेरून लावा. तो रंजकाच्या (ठिणगी आत जाण्याच्या) भोकापर्यंत किंवा निपलच्या (टोपी बसते त्या तोटीच्या) बुडापर्यंत पोहोचायला हवा. अलीकडेच थांबला तर आत बार असू शकतो, तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. किट नवं असेल आणि तडा खोक्यातूनच आला असेल, तर कानस लावण्याआधी फोटो काढून विक्रेत्याला कळवा. लाकडाला हत्यार लागल्यावर बदलून मिळणं कठीण.

तडा कुठवर गेलाय हे डोळ्याला पूर्ण दिसत नाही. त्यावर मिनरल स्पिरिट (टर्पेंटाइनसारखा द्रावक) पुसा. पृष्ठभाग लवकर वाळतो, पण तड्यात ते मुरून राहतं आणि काळी रेघ उमटते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा.

आता कारण. टँगच्या, म्हणजे नळीच्या मागच्या पट्टीच्या, टोकापासून मनगटाकडे, म्हणजे दस्त्याच्या हातात धरायच्या बारीक भागाकडे, गेलेला तडा सर्वांत घातक. नळीचं बूड लाकडावर सपाट टेकलेलं नसलं की धक्का टँगच्या टोकावर येतो आणि ते पाचरीसारखं लाकूड फाडतं. बुडाला काजळी लावून नळी बसवा. जिथे काळं उमटेल तिथलंच लाकूड धारदार पटाशीने किंचित खरवडा, सगळीकडे सारखा डाग येईपर्यंत. टँगच्या टोकामागे साधारण ०.४ मिमी फट ठेवा. नळीच्या पिनांजवळचा तडा लाकूड फुगल्या-आकसल्याने येतो, त्यासाठी नळीखालच्या कड्यांची भोकं लांबीच्या दिशेने थोडी लांबट करा. लॉकच्या, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेच्या, खाचेजवळ तडा असेल तर स्क्रू जास्त आवळलेले असतात किंवा प्लेट कुठेतरी अडते.

केसाएवढ्या तड्याला पातळ सुपरग्लू पुरतो, तो आपोआप आत ओढला जातो. ताज्या, स्वच्छ तड्याला पिवळा लाकडी गोंद चालतो. मनगटासाठी मात्र २४ तासांत वाळणारी इपॉक्सीच घ्या. पाच मिनिटांची नको, ती खोलवर पोहोचण्याआधीच घट्ट होते. लाकडात तेल मुरलेलं असेल तर खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, वाळल्यावर झाडा आणि पूड स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा द्या. ॲसिटोनजवळ ज्योत नको, खिडकी उघडी ठेवा.

इपॉक्सी कालवण्याआधी एकदा कोरडी जुळवणी करून पाहा. नळी आणि लॉकला बिनरंगी बुटपॉलिशचा थर द्या, खाचा-भोकांत प्लॅस्टिसिन भरा. यातलं काही राहिलं तर धातू लाकडात कायमचा अडकतो. तडा दात कोरायच्या काड्यांनी हलकेच उघडा, जोर लावलात तर तो पुढे पळतो. इपॉक्सीत लाकडाचाच बारीक भुसा मिसळून रंग जुळवा, पण अगदी थोडा. हेअर ड्रायरने किंचित कोमट केल्यावर ती पातळ होऊन आत जाते. नळी जागेवर बसवा, सायकलच्या ट्यूबच्या २–३ सेंमी रुंद पट्ट्या ताणून गुंडाळा आणि दिवसभर हलवू नका.

मनगटावरचा तडा तंतूंच्या आडवा असेल तर गोंदावर विसंबू नका. वाळल्यावर तड्याला छेद देणारं सुमारे ३ मिमीचं भोक लॉकच्या खाचेतून किंवा ट्रिगर गार्डच्या खोबणीतून पाडा, म्हणजे ते धातूखाली झाकतं. त्यात आटे पाडलेली पितळी सळई इपॉक्सीत बसवा, टोक पृष्ठभागाच्या आत राहू द्या. गजाचं भोक आणि टँगच्या स्क्रूचा मार्ग आधी दस्त्यावर आखून घ्या. मनगट आरपार तुटलं असेल आणि तंतूही तिरपे बाहेर पडत असतील तर नवा दस्ताच घ्यावा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी रायफलींच्या मनगटावर ओलं कच्चं चामडं शिवून घट्ट वाळवलेलं दिसतं. ते आजही देखणं लागतं, पण सळईची जागा घेत नाही.

लाकडाला रंग देण्याआधी बाहेर आलेली इपॉक्सी खरवडून काढा, नाहीतर तिथे रंग फिकट राहतो. मेपलवर ॲक्वा फोर्टिस (लाकूड रंगवायचा नायट्रिक आम्लाचा द्राव) वापरणार असाल तर तापवताना दुरुस्तीची जागा जपा, इपॉक्सी उष्णतेने मऊ होते. तेलाचे थर टँगमागच्या फटीत साचतात. म्हणून बंदूक जोडण्याआधी ती फट पुन्हा मोकळी करा, आणि पहिल्या काही बारांनंतर स्पिरिट पुसून रेघ परत उमटते का ते पाहा.