खाजनाच्या कडेला घर बांधताय? आधी पायाखालची माती बघा

गोव्यात उंचावरच्या जांभ्यावर पाया सहसा निर्धास्त बसतो. खरी काळजी मांडवी-झुआरीच्या काठच्या खाजनालगतच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीलगतच्या, मऊ चिखलमातीची. तिथे नुसती खडी ओतली, की ती हळूहळू चिखलात रुतते आणि पैसे मातीत जातात.

म्हणून आधी जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. ते खडी आणि चिखल वेगळे ठेवते. त्यावर जिओग्रिडची, म्हणजे मजबूत प्लास्टिकची, जाळी. खडी तिच्या चौकोनांत अडकते, बाजूला सरकत नाही आणि भार रुंद पसरतो. खडी काळ्या दगडाची, टोकदार, लहानमोठी मिसळलेली घ्या. जांभ्याचा चुरा स्वस्त पडतो, पण पाण्यात भिजून दबतो. मी तो कधीच घेऊ देणार नाही. 150 ते 200 मिमीचे थर रोलरने घट्ट दाबा. जाळी पायाच्या कडेबाहेरही जाऊ द्या, जोडावर निदान 300 मिमी एकावर एक ठेवा, आणि उघड्या जाळीवर ट्रक अजिबात चढवू नका.

मात्र चिखल खोल असेल, तर वर्षानुवर्षांचे खचणे जाळीने थांबत नाही. तिथे पाइल, म्हणजे खालच्या घट्ट थरापर्यंत नेलेले खांब, लागू शकतात. तेव्हा आधी बोअर मारून, खोलवरचे नमुने काढून मातीची तपासणी करा, आणि थर किती, जाळी कुठली हे जिओटेक्निकल (माती-पायाच्या) इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.