खालची खाज जात नसेल तर

मी मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. बाळंतपणाचं सगळं बाया मोकळं बोलतात, पण लघवीच्या जागेच्या खाजेचं विचारलं की पदर तोंडाला जातो. "माय, रातच्याला डोळ्याला डोळा लागत न्हाई," एवढं म्हणायलाही वर्षं लागतात. तोवर उकिडवं बसून खुरपणं होत नाही. लघवीला आग होते म्हणून पाणी कमी पितात. नवऱ्याजवळ जाणं नको होतं, आणि घरात त्याचा भलताच अर्थ निघतो.

आधी दार लावून, हातआरसा घेऊन, उजेडात बघा. लाज वाटू देऊ नका, शरीर तुमचंच आहे. कातडी पांढुरकी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, चिरा पडलेली दिसते का? आतल्या पाकळ्या सपाट झाल्यात, पांढरेपणा शौचाच्या जागेपर्यंत गेलाय? मग तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा कातडीचा आजार असू शकतो. पाळी गेल्यावर तो जास्त दिसतो, लहान मुलींनाही होतो. तो अस्वच्छतेनं होत नाही, संबंधातून येत नाही, नवऱ्याला लागत नाही. कोडात रंग जातो, पण सहसा अशी खाज नसते. दह्यासारखं पांढरं जात असेल आणि लाली असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. तो परत परत होत असेल तर शुगर तपासा.

साबण, डेटॉल, मिठाचं कढत पाणी आजच बंद करा. साधं पाणी, तांब्याभर पुरे, टँकरची वाट बघायला नको. टिपून कोरडं करा, सुती कपडा वापरा. लघवीआधी व्हॅसलीनचं बोट फिरवलं तर आग कमी होते. मेडिकलवरून स्वतःच आणलेली 'खाजेची ट्यूब' मात्र नको. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी दबून पसरते.

अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या मेडिकल कॉलेजांत त्वचारोग विभाग आहे. केसपेपर काढताना "चामडीचं दाखवायचंय" एवढंच म्हणा. आत गेल्यावर मात्र खाज कधीपासून, रात्री वाढते का, संबंधाच्या वेळी दुखतं का, काय काय लावलं, सगळं सांगा. तपासायला बाई डॉक्टर हव्यात, असं मागायला संकोच नको. न बघताच कुणी मलम लिहून देत असेल तर "एकदा बघा" म्हणा.

निदान झालं की बहुतेक वेळा क्लोबेटासोल या स्टिरॉइडचं ०.०५ टक्क्याचं मलम देतात. नेहमीची पद्धत अशी: महिनाभर रोज रात्री एकदा, पुढचा महिना एक दिवसाआड, तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा. एका वेळी बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मावेल एवढंच. ३० ग्रॅमची ट्यूब साधारण तीन महिने पुरते. ट्यूबच्या कागदावर 'गुप्तांगावर लावू नये' वाचून बाया मध्येच सोडतात आणि खाज उसळते. डॉक्टरांनी या आजारासाठी दिलंय, तेव्हा सांगितलं तसं पूर्ण लावा. कातडीचा रंग पूर्ववत होईलच असं नाही, चिकटलेल्या पाकळ्याही मलमानं सुटत नाहीत. पण झोप परत येते, आणि लवकर आलात तर पुढचं नुकसान थांबतं.

खाज गेली तरी वर्षातून एकदा दाखवा. या आजारात शंभरात पाचांहून कमी बायांना पुढे कॅन्सर होतो, आणि नीट उपचार घेतले की ती भीतीही कमी होते. गाठ आली, जखम भरेना, कातडी एका जागी जाड झाली, तर वर्षाची वाट न बघता त्याच आठवड्यात या. बारीक तुकडा काढून तपासतात, जागा बधिर करूनच.