सर्वो मोटर थरथरतेय? गेनला हात लावायच्या आधी हे बघा

सर्वो अ‍ॅक्सिस (सर्वो मोटरने हलणारा मशीनचा भाग) थरथरायला लागला की बहुतेक जण सरळ लॅपटॉप जोडतात आणि गेन (चूक दिसली की मोटर चालवणारा ड्राइव्ह ती किती जोराने सुधारतो तो आकडा) कमी करून मोकळे होतात, आवाज जातो पण अ‍ॅक्सिस सुस्त होतो, पोझिशनला यायला वेळ लागतो आणि मग प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसतात. त्यापेक्षा थरथर नेमकी कधी येते ते बघा. मोटर जागेवर उभी असताना बारीक कर्कश आवाज येतोय? गेन जास्त आहे किंवा रेझोनन्स (मशीनच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीला वाढणारं कंपन) आहे. उभ्या उभ्या हळूहळू पुढेमागे करतेय, म्हणजे हंटिंग, तर घर्षण नाहीतर बॅकलॅश (गिअर-स्क्रूमधला मोकळा खेळ) बघा. थांबल्यावर लोडचं टोक डुलत असेल तर ते वेगळंच प्रकरण, त्यावर शेवटी बोलू.

१. पॉवर बंद करून पान्हा घ्या. कपलिंगचे (मोटर आणि लोडचे शाफ्ट जोडणारा भाग) स्क्रू, शाफ्टच्या चावीतला प्ले, बेल्टचा ताण, मोटरचे माउंटिंग बोल्ट, मशीनचा बेस, सगळं हाताने हलवून बघा. उभा अ‍ॅक्सिस असेल तर आधी लोडला खालून आधार द्या, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर हात घालू नका. ढिलं कपलिंग कुठल्याही पॅरामीटरने घट्ट होत नाही.

२. इनर्शिया रेशो, म्हणजे लोडचा आणि मोटरचा इनर्शिया (वेग बदलायला होणारा विरोध) यांचं प्रमाण. लोडचा इनर्शिया मोटरच्या साधारण १० पटीच्या आत ठेवा, फास्ट मशीनला ५ च्या आत असेल तर उत्तम, आणि तो आकडा ड्राइव्हमध्ये बरोबर भरा. ५:१ गिअरबॉक्स लावला तर मोटरला लोड २५ पट हलका दिसतो, पण बॅकलॅश सोबत येतो हेही लक्षात असू द्या.

३. ट्यूनिंग आतून बाहेर, म्हणजे आतला स्पीड लूप (वेग मोजून सुधारणारा) आधी, बाहेरचा पोझिशन लूप नंतर. आधी स्पीड लूपचा गेन हळूहळू वाढवा, आवाज सुरू झाला की २०-३० टक्के मागे या. मग पोझिशन गेन. इंटिग्रल (साचत गेलेली चूक भरून काढणारा गेन) शेवटी आणि जपून, कारण हंटिंग बऱ्याचदा तिथूनच येतं.

४. आवाज तरीही असेल तर ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये टॉर्कचा एफएफटी (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे ते दाखवणारा आलेख) काढा, शिखर जिथे दिसेल त्या फ्रिक्वेन्सीवर नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी दाबणारा) लावा. सावकाश मात्र, खूप रुंद आणि खोल नॉच घातला तर फेज लॅग (प्रतिसादातला उशीर) वाढतो आणि थरथर दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीला निघते. कपलिंग किंवा बेल्ट बदलला की शिखर सरकतं, तेव्हा परत तपासायचं.

५. आता ते डुलणारं टोक. एन्कोडर (पोझिशन मोजणारा सेन्सर) मोटरच्या मागे बसलेला असतो, त्याला टोक दिसतच नाही, त्यामुळे इथे गेनशी झटापट करून फार काही हाती लागत नाही. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट करून पूर्ण डुलकाव्या (जाऊन परत येणं म्हणजे एक) मोजा. खऱ्या सेकंदाला १० म्हणजे १० हर्ट्झ, एका डुलकावीला १०० मिलिसेकंद. कमांडवरच्या मूव्हिंग अ‍ॅव्हरेज फिल्टरला (कमांड ठराविक वेळात पसरवून मऊ करणारा) नेमका तेवढाच वेळ द्या, डुलणं जवळपास मरतं, हालचाल फक्त तेवढीच लांबते. ड्राइव्हमध्ये व्हायब्रेशन सप्रेशन (डुलणं दाबणारं फंक्शन) असेल तर त्यातही हीच फ्रिक्वेन्सी टाकायची, पण दोन्ही एकदम चालू करू नका, काय कशाने झालं कळत नाही. आणि टेस्ट रिकाम्या ग्रिपरने (वस्तू पकडणारा पंजा) पण करा आणि भरलेल्याने पण, वजन वाढलं की फ्रिक्वेन्सी खाली येते.