‘कार्डिओमायोपॅथी’ हा शब्द कसा वाचावा आणि कसा वापरावा

टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालाच्या शेवटच्या ओळीत ‘कार्डिओमायोपॅथी’ असे छापलेले दिसले, की घरातील काहींना तो हार्ट ॲटॅकचाच दुसरा शब्द वाटतो, तर काहींना ‘पॅथी’ ऐकून होमिओपॅथी आठवते. हा दुसरा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण मराठीत ‘पॅथी’ म्हणजे उपचारपद्धती असाच अर्थ रुळला आहे. येथे मात्र मूळ ग्रीक अर्थ धरावा लागतो. ‘कार्डिओ’ म्हणजे हृदयाशी संबंधित, ‘मायो’ म्हणजे स्नायूशी संबंधित, आणि ‘पॅथी’चे मूळ ‘पॅथॉस’, म्हणजे पीडा. मराठीत लिहायचे तर ‘हृदयाच्या स्नायूचा आजार’ हे सर्वांत स्वच्छ भाषांतर होय. नुसते ‘हृदयविकार’ म्हणणे अपुरे आहे, कारण त्यात झडपांचे, रक्तवाहिन्यांचे आणि ठोक्यांचेही विकार येतात.

ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ वॉलेस ब्रिगडेन यांनी १९५७ मध्ये हा शब्द वापरला, तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांमुळे न झालेल्या स्नायूविकारांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये त्याचा अर्थ ‘कारण अज्ञात असलेले हृदयस्नायूचे आजार’ असा मर्यादित केला आणि १९९५ मध्ये कारणाची ही अट काढून टाकली. आजही अहवालांत ‘इस्केमिक कार्डिओमायोपॅथी’ असे लिहिले जाते; तेथे रक्तपुरवठा कमी पडल्याने किंवा जुन्या हार्ट ॲटॅकमुळे स्नायू दुबळा झाला आहे, असे समजावे. काही तज्ज्ञ हा प्रकार या नावाखाली धरत नाहीत, पण व्यवहारात तो शब्द भेटतोच.

हा शब्द वापरण्याचा माझ्या मते एकच महत्त्वाचा नियम आहे: तो एकटा कधीही वापरू नये. त्याच्या आधीचे विशेषण हाच निदानाचा गाभा असतो. ‘डायलेटेड’ म्हणजे कप्पा फुगून त्याचे आकुंचन कमजोर झाले आहे; बोलण्यात ‘हार्ट मोठे झाले’ म्हणतात ते बहुधा हेच. ‘हायपरट्रॉफिक’ म्हणजे स्नायू जाड झाला आहे. ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ म्हणजे तो ताठर झाल्यामुळे कप्पा नीट भरत नाही. ‘पेरिपार्टम’ हा प्रकार गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत उद्भवतो, आणि त्यातील दम व पायांवरची सूज बाळंतपणाच्या थकव्यावर ढकलली जाते, म्हणून त्याचे नाव घरात सर्वांना माहीत असावे.

एक नमुना वाचून पाहू: ‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, ग्लोबल हायपोकायनेशिया, एलव्हीईएफ ३५ टक्के, मॉडरेट एमआर’. याचा अर्थ असा, की कप्पा मोठा झाला आहे, त्याच्या सर्वच भिंती कमी हलत आहेत, आणि मायट्रल झडपेतून मध्यम प्रमाणात रक्त मागे गळत आहे. ‘एलव्हीईएफ’ म्हणजे आपण ज्याला ‘पंपिंग’ म्हणतो ते: डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा. शेजारच्या एका काकांनी हा आकडा वाचून ‘माझे हृदय ६५ टक्के बंद पडले’ असे मानले होते आणि रात्रभर त्यांना झोप लागली नव्हती. निरोगी हृदयाचे पंपिंगही १०० टक्के नसते. ते साधारण ५५ ते ७० टक्के असते. ३५ हा आकडा गंभीर आहे, पण त्याची तुलना ६०शी करायची, १००शी नव्हे.

उलट हायपरट्रॉफिक प्रकारात पंपिंग ६५ किंवा ७० टक्केही असू शकते आणि तरीही आजार गंभीर असू शकतो. येथे भिंतीची जाडी पाहावी: प्रौढ व्यक्तीत अन्य कारण नसताना ती १५ मिलिमीटर किंवा अधिक असली, तर हे निदान विचारात घेतले जाते. याच प्रकारात रक्त बाहेर जाण्याच्या वाटेवर अडथळा असेल, तर डॉक्टर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह’ हा शब्द जोडतात, आणि तो शब्द विसरणे धोक्याचे आहे. छातीत दुखले की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. अशा रुग्णात त्या गोळीने अडथळा वाढून रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. त्यामुळे तातडीच्या वेळी नव्या डॉक्टरांना ‘हार्टचा त्रास आहे’ एवढेच न सांगता पूर्ण नाव सांगावे, किंवा निदानाचा कागदच हाती द्यावा.

नातेवाइकांना सांगतानाही पूर्ण नावच सांगावे, कारण यांतील अनेक प्रकार आनुवंशिक असतात. भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत एमवायबीपीसी३ या जनुकातील एक विशिष्ट बदल आढळतो आणि त्याचा हृदयस्नायूच्या विकाराशी संबंध आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. तो बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. ‘दादाला हार्टचे काहीतरी आहे’ असे ऐकून कोणी तपासायला जात नाही. ‘दादाला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आहे, आणि डॉक्टरांनी भावंडांनी व मुलांनी ईसीजी आणि इको करून घ्यायला सांगितले आहे’ असे सांगितले, तर धाकटा भाऊ अपॉइंटमेंट घेतो.