विद्यापीठाच्या आवारात स्वतःला घडवताना

पदव्युत्तर शिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावाहून पुण्यात आलेल्या विद्यार्थ्याचे पहिले सत्र बहुधा वर्ग, मेस आणि खोली या तीन ठिकाणांतच संपते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे गणेशखिंडीतील आवार 400 एकरांहून मोठे आहे, आणि त्यातील बराचसा भाग आपल्यासाठीच आहे हे अनेकांना दुसऱ्या वर्षी कळते. ही चूक टाळायची असेल, तर पहिल्याच आठवड्यात दोन संध्याकाळी हे आवार पायी फिरून पाहावे. जयकर ग्रंथालय, खाशाबा जाधव क्रीडासंकुल, ललित कला केंद्र आणि जयंत नारळीकरांनी 1988 साली उभी केलेली आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था कोठे आहे, तेथे आपल्याला कशासाठी आणि केव्हा जाता येते, याची चौकशी स्वतः करावी. अनोळखी कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहून नीट प्रश्न विचारणे हादेखील एक सराव आहे, आणि लाजऱ्या विद्यार्थ्याला त्याची गरज अधिक असते.

त्यानंतर एकच उपक्रम निवडावा. पाच मंडळांत नाव नोंदवून कोठेच न जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्रापलीकडे फारसे काही लागत नाही. निवडीची कसोटी मी अशी सांगेन: आपण एक दिवस गेलो नाही, तर तेथे कोणाचे तरी काम अडले पाहिजे. माणूस जबाबदारीने वाढतो, आणि आपल्यावाचून कोणाचेच अडत नसेल तर जबाबदारी अंगावर येत नाही.

याचे सर्वांत चांगले उदाहरण पुण्यातील महाविद्यालयांच्या नाट्यगटांत दिसते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठते तेव्हा प्रेक्षकांना रंगमंचावरचे नट दिसतात, पण त्यामागे कित्येक आठवड्यांची तालीम, नेपथ्याची जुळवाजुळव, प्रकाशयोजना आणि ठरलेल्या वेळेत पडदा पाडण्याची शिस्त असते. म्हणून महाविद्यालयात नवीन असाल तर भूमिका मिळाली नाही म्हणून गट सोडू नका. बॅकस्टेजचे काम मागून घ्या. नेपथ्याचा एखादा भाग प्रयोगापूर्वी काही मिनिटांत उभा करायचा असतो, तेव्हा विज्ञान शाखेचा मुलगा आणि मराठी वाङ्मय शिकणारी मुलगी एकमेकांचे ऐकायला शिकतात. तालमीत ज्येष्ठ विद्यार्थी चूक दाखवतो आणि ती दुसऱ्या दिवशी सुधारावी लागते. टीका मनाला लावून न घेता कामाला लावण्याची ही सवय परीक्षेच्या अभ्यासातून क्वचितच लागते.

ज्यांची आर्थिक ओढाताण आहे, त्यांनी ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी प्रवेश घेतानाच करावी. या कल्पनेमागे कर्मवीर भाऊराव पाटलांचा विचार आहे. 1919 साली स्थापन झालेल्या त्यांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ मानले. ग्रंथालयात पुस्तके लावणे किंवा विभागात कार्यालयीन मदत करणे या कामांत कमीपणा वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. आपल्या श्रमातून मेसचे पैसे भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या बोलण्यात जो ठामपणा येतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तासांचे काम आणि बहुधा खेड्यात भरणारे 7 दिवसांचे विशेष शिबिर असते. शहरात वाढलेल्या मुलांनी तरी हे शिबिर चुकवू नये.

बोलण्याची भीती वाटत असेल, तर व्याख्यानांचा उपयोग करा. व्याख्यानापूर्वी विषयावर थोडे वाचा, एक प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि शेवटी तो विचारा. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत विचारा. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, आयुकात शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत माणसे येतात. आपला विषय त्यांना समजेल अशा शब्दांत सांगता येतो का, हे अशा ठिकाणी विद्यार्थ्याला पारखून पाहता येते.

मात्र आवाराचे आकर्षण अभ्यासावर उलटू नये. तालमी किंवा सामने यांचे वेळापत्रक हाती येताच ते सत्रपरीक्षेच्या तारखांशेजारी लिहावे आणि हजेरीबाबत विभागप्रमुखांशी आधीच बोलावे. एखाद्या गटात नवख्यांचा अपमान किंवा छळ होत असेल, तर तो सोसू नये. रॅगिंगविरोधी समितीकडे तक्रार करावी आणि घरीही सांगावे.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपले काम कनिष्ठ विद्यार्थ्याकडे सोपवण्यासाठी किमान एक महिना राखून ठेवावा: सामान कोठे असते, परवानगी कोणाकडून घ्यायची, मागच्या वेळी काय चुकले, हे एका वहीत लिहून ती त्याच्या हाती द्यावी आणि त्याचे पहिले काम होईपर्यंत शेजारी उभे राहावे.