उंच सेंटर मिळाली, आणि आम्ही पाचपैकी चार सामने हरलो

प्रशिक्षक म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं आणि सतरा वर्षांखालच्या माझ्या बास्केटबॉल संघात सहा फूट एक इंच उंचीची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी मुलगी, दाखल झाली. समोरच्या संघांतली सगळ्यांत उंच खेळाडू जेमतेम तिच्या कानाला लागायची. हात मऊ, पाय हलके, शिकायची तयारी. मी मनातल्या मनात करंडक ठेवायला जागासुद्धा शोधली होती. योजना एका वाक्याची होती: चेंडू तिला द्या.

पहिल्या पाच सामन्यांत आम्ही चार हरलो.

पाचव्या सामन्याच्या रात्री मी व्हिडिओ लावून वही घेऊन बसले. पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात, तिच्या हातात चेंडू किती वेळा पोहोचला ते मोजलं. अख्ख्या सामन्यात नऊ वेळा. त्या नऊपैकी सात वेळा बास्केट तरी झाली होती किंवा फाउल तरी मिळाला होता. आणि तिला पास द्यायच्या नादात आम्ही चेंडू गमावला होता अकरा वेळा. त्या आकड्यांकडे बघताना लक्षात आलं, की महिनाभर मी चुकीच्या खेळाडूला शिकवत होते. रोज सरावानंतर अर्धा तास तिचा हुक शॉट, तिचा ड्रॉप स्टेप, तिचं पिव्हट. आणि तिला चेंडू पोहोचवणाऱ्या चौघींना मी एंट्री पास, म्हणजे बाहेरून आत सेंटरला द्यायचा पास, एकदाही नीट शिकवला नव्हता.

तुमच्या हाती असा खेळाडू लागला असेल तर आधी एवढंच करा: त्याला थोडा वेळ बाजूला ठेवा आणि बाकीच्या चौघांकडे वळा. (माझा संघ मुलींचा, म्हणून पुढे ‘ती’ येईल. मुलांच्या संघालाही यातलं सगळं लागू आहे.)

बलाढ्य सेंटरला अडवायचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे तिच्यापर्यंत चेंडूच जाऊ न देणं. ही युक्ती जुनी आहे. 22 नोव्हेंबर 1950 रोजी मिनियापोलिस लेकर्स आणि फोर्ट वेन पिस्टन्स यांच्यातला एनबीए या अमेरिकन व्यावसायिक लीगचा सामना 19-18 असा संपला. गुणफलक चुकलेला नाही, खरंच एकोणीस-अठरा. लेकर्सकडे 6 फूट 10 इंचांचा जॉर्ज मायकन होता. पिस्टन्सनी ठरवलं, की मायकनशी झुंजायचंच नाही, चेंडू आपल्याच हातात धरून वेळ काढायचा. मायकनने लेकर्सच्या 18 पैकी 15 गुण केले, तरी ते हरले. पुढे 1954 मध्ये 24 सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट मारायचं बंधन) आलं आणि चेंडू कवटाळून बसणं बंद झालं. पण तुमच्याविरुद्ध खेळणाऱ्या संघाला वेळ काढायची गरजच नाही. तुमच्या गार्डना (बाहेरून चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूंना) पास देता येत नसेल, तर त्यांचं काम तुम्हीच करून देताय.

आता तो पास. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दहा-बारा फुटांवर उभ्या असलेल्या उंच मुलीला चेंडू देण्यात काय कठीण आहे? पण बचावपटू तिला मागून किंवा बाजूने चिकटलेली असते, एक हात पासच्या वाटेत असतो आणि पास देणारीच्या तोंडासमोर आणखी एक जण हात नाचवत असते. आमच्या मुली काय करायच्या? वर, बास्केटच्या समोर उभ्या राहून सरळ आत चेंडू फेकायच्या. त्या कोनातून पास बहुतेक वेळा बचावपटूच्याच हातात जातो. चेंडू विंगवर, म्हणजे फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची) रेषा बाजूला वाढवली तर जिथे येईल तिथे, किंवा त्याहून एक पाऊल खाली असायला हवा. कोन मिळत नसेल तर एक ड्रिबल बेसलाइनकडे, म्हणजे रिंगमागच्या शेवटच्या रेषेकडे, मारायचा. मी ते ‘एक पाऊल खाली’ एवढंच ओरडायचे. वर्षाच्या शेवटी मुली स्वप्नातही तेच बडबडत असतील.

दुसरं म्हणजे, पास सेंटरच्या छातीवर द्यायचा नाही. ती जो हात दाखवते, त्या हाताकडे द्यायचा. बचावपटू तिच्या डाव्या अंगाला असेल तर ती उजवा हात लांब करून पंजा उघडा ठेवते आणि चेंडू तिथेच जायला हवा. खालून द्यायचा असेल तर आधी वर दाखवा, वरून द्यायचा असेल तर खाली. बाउन्स पास तिच्या अगदी पायाशी टप्पा घेऊन गेला तर उंच मुलीला वाकावं लागतं, आणि वाकली की तिची उंची फुकट गेली. आम्ही रोज पंधरा मिनिटं तीन विरुद्ध तीन खेळायचो. त्यात बास्केट मोजायचीच नाही, आत पोहोचलेला पास मोजायचा. पहिल्या आठवड्यात मुली कंटाळल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांची आपापसात भांडणं सुरू झाली, कोणाचा पास मोजला आणि कोणाचा नाही यावरून. तेव्हा मला कळलं, की गाडी रुळावर येतेय.

फ्रंटिंगचं उत्तर वेगळं. बचावपटू सेंटरच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, की विंगवरून पास देणं जवळपास अशक्य होतं. नवा प्रशिक्षक अशा वेळी सेंटरवरच ओरडतो, ‘पुढे ये, पुढे ये!’ मीही ओरडले. ती पुढे आली, आणखी पुढे आली आणि शेवटी तीन गुणांच्या रेषेजवळ चेंडू घेऊन उभी राहिली. तिथे ती इतर कोणाहीसारखीच. खरं तर पुढ्यात आलेल्या बचावपटूने रिंगकडची वाट मोकळी सोडलेली असते. सेंटरने जागा सोडायची नाही, उलट तिला तिथेच पाठीने दाबून धरायचं. दुसरी एखादी खेळाडू फ्री थ्रोच्या रेषेवर येते, चेंडू विंगवरून तिच्याकडे आणि तिथून रिंगच्या दिशेने उंच पास. किंवा चेंडू झटपट दुसऱ्या बाजूला फिरवायचा. मघाशी पुढ्यात असलेली बचावपटू आता मागे पडलेली असते. हे दोन उपाय पाठ झाले, की समोरचे संघ फ्रंटिंग करायचं आपोआप कमी करतात. मग डबल टीम येते, म्हणजे दोन बचावपटू एकदम सेंटरवर येतात, आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

डबल टीम आली म्हणजे आपली कोणीतरी एक जण मोकळी आहे. ती कोण, हे सेंटरला चेंडू मिळायच्या आधी माहीत असलं पाहिजे. म्हणून मी तिला एक सवय लावली: चेंडू आला की हनुवटीखाली घट्ट धरायचा, कोपरं बाहेर, आणि आधी विरुद्ध बाजूच्या कोपऱ्याकडे बघायचं. रिंगकडे बघायची घाई नाही. चेंडू खाली आणला की बुटक्या गार्डचे हात लगेच पोहोचतात, म्हणून पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळच्या तिच्या जागी, ड्रिबल फार तर एक. बाकीच्या चौघींचा नियम त्याहून सोपा: पास दिलास की उभी राहू नकोस. एक तर कापून रिंगकडे जा, नाही तर दोन पावलं सरकून अशा जागी थांब, जिथे तिला तू दिसशील. पास देऊन ‘आता बघू काय करते ते’ असं बघत उभी राहणारी खेळाडू हा माझा सगळ्यांत मोठा शत्रू होता. सेंटरभोवती नेम चांगला असलेल्या खेळाडू पसरवून ठेवणं हे ह्यूस्टन रॉकेट्सनी हकीम ओलाजुवॉनसाठी केलं आणि 1994 व 1995 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली. आपल्याकडे तसे शूटर नसतात, कबूल. पण योग्य जागी उभं राहायला नेम लागत नाही.

सेंटरने किती शॉट मारावेत, यावर प्रशिक्षकांमध्ये वाद चालतात. मला एनबीएतला सेंटर विल्ट चेंबरलेन याची दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघायला आवडतं. 1961-62 च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी 50.4 गुण काढले, 2 मार्च 1962 रोजी एकाच सामन्यात 100 काढले, आणि त्याचा संघ बाद फेरीत बोस्टनकडून सातव्या, निर्णायक सामन्यात हरून घरी गेला. 1966-67 मध्ये फिलाडेल्फियाचे प्रशिक्षक अॅलेक्स हॅनम यांनी त्याला शॉट कमी मारून पास जास्त द्यायला सांगितलं. सरासरी 24.1 वर आली, असिस्ट (बास्केट घडवणारे पास) 7.8 झाले, संघाने 81 पैकी 68 सामने जिंकले आणि विजेतेपद मिळवलं. सोबतचे खेळाडू बदलले होते, हे मान्य. सगळं श्रेय पासना देता येणार नाही. तरी मी पाचव्या सामन्याच्या त्या रात्रीनंतर वहीत एक रकाना वाढवला: सेंटरच्या हातातून बाहेर गेलेल्या चेंडूवर झालेल्या बास्केट. तिला तो रकाना दाखवायचे. गुणांपेक्षा तिला तोच जास्त आवडायला लागला.

जागेबद्दल थोडंसं. रिंगजवळ पेंटच्या कडेवर जाड पट्टा रंगवलेला असतो, त्याच्या एक पाऊल वर तिने चेंडू घ्यावा. अगदी पट्ट्यावर किंवा त्याखाली घेतला, तर बेसलाइनकडे वळल्यावर ती थेट बोर्डाच्या मागे जाते आणि शॉटला कोन उरत नाही. आणि तीन सेकंदांचा नियम! आक्रमण करताना पेंटमध्ये सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. सेंटर दांडगाई करतात म्हणूनच तर पेंट वेळोवेळी रुंद होत गेला. एनबीएत तो 1951 मध्ये 6 फुटांवरून 12 आणि 1964 मध्ये 16 फुटांवर गेला. आंतरराष्ट्रीय नियमांत तो 4.9 मीटर आहे. सरावात मी मोठ्याने मोजायचे, ‘एक हजार एक, एक हजार दोन’, आणि दोनला ती दोन्ही पाय बाहेर टाकून परत जागा घ्यायची.

फाउल हा माझा दुखरा विषय. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पाच फाउलना खेळाडू बाहेर. एका सामन्यात तिला पहिल्या क्वार्टरमध्येच दोन लागले आणि मी घाबरून तिला मध्यंतरापर्यंत बाकावर बसवलं. आम्ही चौदा गुणांनी मागे पडलो. सामना संपला तेव्हा तिच्या नावावर तीनच फाउल होते. म्हणजे दोन फाउल मी जपून घरी घेऊन आले, त्यांचं लोणचं घालायला. आता दोन लागले की मी चार-पाच मिनिटं बसवते, मग झोन (माणसाऐवजी जागा राखायचा बचाव) लावून परत उतरवते. बचावात हात खाली आणून चेंडूवर झडप घालायची खोड उंच मुलांना असतेच. ती मोडायला दोन्ही हातांत टेनिसचे चेंडू देऊन बचाव करायला लावा. स्वतःच्या जागेत सरळ वर उडी आणि हात वर, एवढं केलं तर धडक झाली तरी नियम तिच्या बाजूने आहे. शॉट अडवायची गरजच नसते. तिच्या सावलीने निम्मे शॉट चुकतात.

याची दुसरी बाजूही वापरा. पहिल्या क्वार्टरमध्ये चेंडू मुद्दाम आत घालत राहा. एका क्वार्टरमध्ये चार सांघिक फाउल झाले की पाचव्यापासून तुम्हाला दोन फ्री थ्रो, आणि त्यांची उंच खेळाडू लवकरच बाकावर.

पण मग फ्री थ्रो पडायला हवेत. शकील ओ’नील कारकिर्दीत 52.7 टक्केच फ्री थ्रो घालू शकला, म्हणून त्याला मुद्दाम फाउल करायची पद्धतच पडली. चेंबरलेनने 100 गुणांच्या त्या रात्री 32 पैकी 28 फ्री थ्रो खालून, दोन्ही हातांनी घातले होते. पुढे लाज वाटते म्हणून त्याने ती पद्धत सोडून दिली. माझ्या सेंटरला मी सरावाच्या शेवटी, दमलेली असताना, दोन-दोन करून वीस मारायला लावायचे. एकदम वीस नाहीत. सामन्यात सलग वीस कधीच मिळत नाहीत.

बचावात तिला रिंगजवळ ठेवा, एवढं पुरेसं आहे. समोरच्या संघाने बाहेरून मारणारी सेंटर आणून तिला वर ओढायचा प्रयत्न केला, तर तिची नेमणूक बदलून नेम नसलेल्या खेळाडूवर करा.

धावण्याबद्दल एकच: ती रिबाउंडनंतर (चुकलेल्या शॉटचा चेंडू आपल्याकडे आल्यावर) जिवाच्या आकांताने धावत रिंगखाली पोहोचली, तर तिला निदान तीनदा तरी चेंडू मिळालाच पाहिजे. नाहीतर चौथ्या वेळी ती चालत येईल, आणि तिचं चुकलंय असं म्हणायला तुम्हाला तोंड नसेल.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. उंच मुलगी सगळ्यांत जास्त मार खाते. ढकलतात, कोपरं मारतात, जर्सी ओढतात, आणि ती मोठी दिसते म्हणून पंच बरंच सोडून देतात. एका सामन्यात मध्यंतराला ती पाण्याची बाटली घेऊन माझ्यापासून लांब जाऊन बसली. जवळ गेले तर दंडावर नखांचे चार ओरखडे. ‘मॅडम, मी मोठी आहे म्हणून मला लागत नाही का?’ असं म्हणाली. त्यानंतर मी पंचांशी बोलायचं काम स्वतःकडे घेतलं, क्वार्टरच्या मध्यंतरात, आवाज न चढवता, कर्णधाराला सोबत घेऊन. तिला एवढंच सांगितलं, की तू पंचांकडे बघायचंसुद्धा नाहीस, ते माझं काम.

वाढीच्या वयात गुडघेही दुखतात. उड्यांचा सराव कमी करून त्या वेळात तिला गार्डांबरोबर ड्रिबल आणि पास शिकवले. ती आणखी उंच झाली तर बरंच, नाही झाली तर निदान चेंडू हाताळता येईल.

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात तिने अकराच गुण केले. माझ्या वहीतल्या त्या नव्या रकान्यात मात्र नऊ रेघा होत्या, आणि त्यातली शेवटची एका अशा मुलीची, जिने वर्षभरात सामन्यात एकही बास्केट केली नव्हती. ती कोपऱ्यात उभी होती, सांगितलं होतं तिथेच.