ॲसिड-बेसमधल्या या चुका टाळा: ‘किती आहे’ आणि ‘किती सुटलंय’ यातला घोळ

७.१, ७.१, ७.१. ब्युरेटची (खाली नळ असलेली मोजनळी) तीन रीडिंग एकसारखी आली की कसलं भारी वाटतं माहितीये ना, मलाही वाटलं होतं, वहीत दोन रेघा मारून टाकल्या खाली. फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड, ०.०५ मोलार, म्हणजे लिटरमागे ०.०५ मोल (असं मी समजत होतो), ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड हा बेस, ४ ग्रॅम मोजून एक लिटर केलेलं, म्हणजे ०.१ मोलार. ते ॲसिड पूर्ण संपवायला हिशोबाने १० मिली लागायला हवं होतं आणि लागलं ७.१. गणित केलं तर सोडियम हायड्रॉक्साइड आलं ०.१४ मोलार, आणि मी ते तसंच लिहून मोकळा झालो.

आता गंमत बघा, हे उत्तर येऊच शकत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे बाटली उघडल्यापासून हवेतलं पाणी ओढतात, कार्बन डायऑक्साइड ओढतात, त्यामुळे तुम्ही ४ ग्रॅम मोजलं तर त्यात खरं सोडियम हायड्रॉक्साइड ४ ग्रॅमपेक्षा कमीच असतं, जास्त कधीच नाही. म्हणजे उत्तर ०.१ च्या जरा खाली यायला हवं, वर जायला जागाच नाही. चूक दुसऱ्या बाजूला होती. ऑक्झॅलिक ॲसिडचे जे खडे बाटलीत असतात त्यांच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात, त्यामुळे रेणुवस्तुमान १२६ धरायचं, मी धरलं ९०. १.५७५ ग्रॅमऐवजी १.१२५ ग्रॅम घेतलं आणि २५० मिली केलं. १२६ ला ९० ने भागा, बरोब्बर १.४ येतं, ०.१४ कुठून आलं ते कळलं असेल.

तीन रीडिंग जुळली याचा अर्थ हात चांगला चाललाय एवढाच. तीनही वेळा तेच चुकीचं सोल्युशन वापरलं तर तीनही वेळा तेच चुकीचं उत्तर येणार ना.

हे पुराण सांगायचं कारण असं की ॲसिड-बेसमध्ये बहुतेक घोळ हे रिॲक्शन न समजल्याने होत नाहीत, आपण नेमकं काय मोजतोय हे न ठरवल्याने होतात. फ्लास्कमध्ये एकूण ॲसिड किती आहे हा एक प्रश्न आणि त्यातलं हायड्रोजन आयन म्हणून आत्ता किती सुटलंय हा दुसरा प्रश्न. पीएच दुसऱ्याचं उत्तर देतो (आकडा जितका लहान तितके हायड्रोजन आयन जास्त), टायट्रेशन, म्हणजे ॲसिड संपेपर्यंत ब्युरेटमधून बेस सोडून मोजणं, पहिल्याचं. हे दोन वेगळे ठेवले की निम्मा अभ्यासक्रम सोपा होतो, खरंच.

तीव्र म्हणजे संहत नव्हे

सगळ्यात जुनी आणि न मरणारी चूक. तीव्र-सौम्य हा ॲसिडचा स्वभाव आहे, संहत-विरल हे तुम्ही पाणी किती घातलं त्याचं माप आहे. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये कितीही पाणी घाला ते सौम्य ॲसिड होत नाही, विरल होतं. आणि ॲसेटिक ॲसिड पाण्याशिवाय निव्वळ घेतलं तरी ते सौम्यच, पण म्हणून त्यात बोट घालू नका, कातडी सोलवटून निघेल.

आकड्यात बघा. ०.१ मोलार हायड्रोक्लोरिकचा पीएच १. ०.१ मोलार ॲसेटिकचा पीएच साधारण २.९, कारण १०० रेणूंमागे जेमतेम एक-दीड रेणू आयन सोडतो, बाकीचे तसेच गुपचूप बसून असतात. आता इथे बरेच जण पुढची चूक करतात की ॲसेटिक सौम्य आहे म्हणजे त्याला उदासीन करायला सोडियम हायड्रॉक्साइड कमी लागेल. नाही. दोघांचे २५-२५ मिली घेतले तर दोघांनाही तेवढंच लागतं, थेंबाचाही फरक नाही, कारण सुटलेले आयन संपत गेले की गुपचूप बसलेले एकेक करून पुढे येतात आणि हायड्रॉक्साइड सगळ्यांना गाठतं.

सल्फ्युरिक ॲसिडचंही असंच, एका रेणूत दोन हायड्रोजन द्यायचे आहेत, पहिला पाण्यात पडल्यापडल्या सुटतो, दुसरा अर्धवट. म्हणून ०.१ मोलार सल्फ्युरिकचा पीएच ०.७ येत नाही, १ च्या आसपासच राहतो, पण टायट्रेशनला दोन्ही हायड्रोजन मोजले जातात. इथे मोलॅरिटी गुणिले व्हॉल्यूम इकडे बरोबर तिकडे असं आंधळेपणाने टाकलं की उत्तर दुप्पट नाहीतर निम्मं. आधी समीकरण बॅलन्स करा, मग सूत्राला हात लावा. आणि फॉर्म्युल्यात हायड्रोजन दिसले म्हणजे सगळे ॲसिडवाले असंही नाही, ॲसेटिकमध्ये चार आहेत, देतो एकच. फॉस्फोरस ॲसिडमध्ये तीन, देतो दोन. मिथेनमध्ये चार, देत एकही नाही. उलट अमोनियामध्ये हायड्रॉक्साइड नावालाही नाही तरी तो बेस, म्हणून तर १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून बेसची व्याख्या ‘हायड्रॉक्साइड देतो तो’ वरून ‘प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयनच) घेतो तो’ वर आणली.

जाता जाता आपल्या भाषेतला एक खड्डा. पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट, पण बोलताना, आणि काही ठिकाणी लिहितानाही, ‘क्षारीय’ हा शब्द बेसिक या अर्थाने येतो. मग पोरं लिहितात की क्षार आम्लाशी अभिक्रिया करून क्षार देतो. मी आपला सरळ बेस आणि सॉल्ट म्हणतो, शुद्धतावाद्यांनी माफ करावं.

आणि सॉल्ट म्हणजे न्यूट्रल हेही डोक्यातून काढा. अमोनियम क्लोराइडचं पाणी आम्लधर्मी, सोडियम कार्बोनेटचं चांगलंच बेसिक.

पीएचची सरासरी काढू नका

पीएच २ चं आणि पीएच ४ चं सोल्युशन सारखंच घेऊन मिसळलं तर? ३ असं उत्तर इतक्या वेळा ऐकलंय की आता राग पण येत नाही. पीएच ही लॉगची मोजपट्टी आहे, सॉरेन्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये आणली ती लांबलचक दशांश टाळायलाच, पण त्यामुळे एकेका घराला दहापटीचा फरक आहे हे विसरायला होतं. पीएच २ मध्ये हायड्रोजन आयन ०.०१, पीएच ४ मध्ये ०.०००१, म्हणजे शंभरपट कमी. व्हॉल्यूम दुप्पट झाला म्हणून बेरजेचं निम्मं करा, ०.००५०५, आणि याचा पीएच २.३ (दोन्ही तीव्र ॲसिडं धरून). पीएच ४ वाल्याने जवळजवळ पाण्याचंच काम केलं. पीएच मिसळत नाहीत, आयन मिसळतात.

दुसरी मजेशीर चूक, हायड्रोक्लोरिक ॲसिड दहा-दहा पट पातळ करत गेलं की पीएच १, २, ३ असा चढतो, मग ०.०००००००१ मोलारला ८ का नाही? ॲसिडमध्ये पाणी घालून बेस कसा होईल हो! एवढ्या पातळ झाल्यावर पाण्याचे स्वतःचे आयन ॲसिडपेक्षा जास्त होतात, ते धरले की उत्तर ६.९८ येतं. कॅल्क्युलेटरवर आलेलं उत्तर एकदा मोठ्याने वाचून बघत जा.

आणि न्यूट्रल म्हणजे ७ हे फक्त २५ डिग्रीला. पाणी तापवलं की त्याचे आयन जास्त सुटतात, ६० डिग्रीला शुद्ध पाण्याचा पीएच ६.५ च्या आसपास दाखवतो. ते ॲसिडिक झालेलं नाही, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड दोन्ही सारखेच वाढलेत. तसंच उघड्या बीकरमधल्या डिस्टिल्ड वॉटरला ५.६ वगैरे आलं तर लगेच पीएच मीटरला शिव्या घालू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलाय. उकळून झाकून गार करा.

मीटरची चूक असतेच कधीकधी, ती बहुतेक वेळा इलेक्ट्रोडला डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवल्यामुळे. स्वच्छ राहील म्हणून प्रेमाने ठेवतात लोक, आणि आतले आयन बाहेर झिरपून इलेक्ट्रोड सुस्त होतो. ३ मोलार पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा तो.

इंडिकेटर ‘कुठलाही चालतो’?

इंडिकेटर म्हणजे टायट्रेशनचा शेवट रंग बदलून दाखवणारा पदार्थ. टायट्रेशन पूर्ण झालं म्हणजे पीएच ७ झाला असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तीव्र ॲसिड तीव्र बेसला ठीक आहे. पण ॲसेटिक ॲसिड पूर्ण संपलं तेव्हा फ्लास्कमध्ये काय उरलं, सोडियम ॲसिटेट, आणि ते स्वतः बेसिक. ०.१ मोलार दोन्ही घेतले तर शेवटी पीएच ८.७ च्या आसपास असतो, म्हणून फिनॉल्फ्थॅलीन, ते ८.३ ते १० मध्ये रंग बदलतं. इथे मिथिल ऑरेंज टाकलं तर काय होतं ते एकदा मुद्दाम करून बघा. त्याचा रंग ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो, त्यामुळे १० मिली लागणार असेल तर ३ मिलीलाच ते पिवळं होऊन बसतं, तेही एका थेंबात टक्कन नाही तर लाल, नारिंगी, जरा पिवळट नारिंगी असं रेंगाळत, आणि तुम्ही प्रत्येक थेंबाला ‘झालं का? झालं का?’ करत. रंग असा रेंगाळायला लागला की समजायचं, हात नाही चुकलाय, इंडिकेटर चुकलाय. अमोनिया असेल तर बरोबर उलटं, तिथे शेवट ५ च्या जरा वर होतो, मग मिथिल रेड घ्या नाहीतर मिथिल ऑरेंज.

दोन-तीन थेंब पुरे. इंडिकेटर पण सौम्य ॲसिड किंवा बेसच असतो, पिचकारी मारली तर त्यालाही हिशोबात घ्यावं लागेल.

एक जादू सांगतो, जिने भलेभले फसतात. चांगल्या संहत सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये फिनॉल्फ्थॅलीन टाकलं की गुलाबी होतं आणि बघता बघता रंग उडतो. ‘बेसच नाहीये हा, लेबल चुकलंय.’ लेबल बरोबर आहे. पीएच १३ च्या वर गेला की या इंडिकेटरचा रेणू आणखी एक हायड्रॉक्साइड पकडतो आणि परत बिनरंगी होतो. पाणी घालून पातळ करा, गुलाबी परत येईल.

लिटमसचं पटकन सांगतो, गॅस तपासायचा तर पेपर ओला पाहिजे, कोरड्या पेपरवर कोरडा हायड्रोजन क्लोराइड काहीच करत नाही.

फुगे आले नाहीत, किंवा येऊन थांबले

संगमरवरावर विरल सल्फ्युरिक टाकलं, जोरात फुगे आले आणि थांबले. ॲसिड संपलं का? नाही, कॅल्शियम सल्फेटचा थर बसला तुकड्यावर, तो फारसा विरघळत नाही. हायड्रोक्लोरिक वापरा. ॲल्युमिनियम सुरुवातीला ढिम्म हलत नाही, वरचा ऑक्साइड खाल्ला गेला की अचानक एवढं पेटतं की टेस्ट ट्यूब हातात धरवत नाही, त्यामुळे काही होत नाहीये म्हणून आणखी ॲसिड ओतायची घाई नको. तांबं विरल हायड्रोक्लोरिकमध्ये ठेवून हायड्रोजनची वाट बघत बसू नका, येणार नाही.

ओतण्याचा क्रम तर सगळ्यांना पाठ असतो, ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही. का ते क्वचित कुणी सांगतं. संहत सल्फ्युरिक पाण्याच्या १.८४ पट जड, वरून ओतलेलं पाणी त्याच्यावर तरंगतं, सगळी उष्णता त्या पातळ थरात कोंडते आणि तो थर उकळून तुमच्याच अंगावर ॲसिड घेऊन उडतो. अंगावर पडलंच तर वरून बेस ओतून न्यूट्रल करायला जाऊ नका, त्या रिॲक्शनची उष्णता वेगळी भाजते. वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटं. डोळ्यात काही उडालं तर धुता धुता दुसऱ्याला डॉक्टरला फोन करायला लावा, आणि बेस गुळगुळीत लागतो म्हणून त्याला साधा समजू नका, डोळ्याला तो ॲसिडपेक्षा खोल जाळतो.

ब्युरेटपाशी

जे आत भरणार त्याच सोल्युशनने ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) धुवायचं, पाणी राहिलं तर सोल्युशन पातळ होईल. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने! तो सोल्युशनने धुतला तर भिंतीला चिकटलेलं जादा ॲसिड मोजलंच गेलं नाही. फ्लास्क ओला असला तरी चालतो, कारण आपल्याला त्यात किती आहे ते हवंय, किती पातळ आहे ते नाही. पिपेटच्या टोकाला राहिलेला थेंब फुंकून पाडू नका, तो न धरताच पिपेटचं माप ठरवलेलं असतं. भरून झालं की फनेल काढा, नाहीतर मध्येच त्यातून थेंब टपकतो. नळाखालच्या टोकात हवेचा बुडबुडा आहे का बघा, तो टायट्रेशनमध्ये निघून गेला तर तुमचं रीडिंग तेवढं जास्त. पहिलं रीडिंग जास्त आणि पुढची दोन जुळलेली असतील तर बहुतेक हाच चोर असतो.

शेवटी गुलाबी रंगाबद्दल. अगदी फिकट, जेमतेम दिसेल असा, आणि अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर रीडिंग लिहून, वही मिटून परत बघाल तर फ्लास्क पुन्हा बिनरंगी झालेला असतो आणि हात आपोआप नळाकडे जातो, अजून एक थेंब म्हणून. नका घालू, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच ८.३ च्या खाली आलाय, तुमचं ॲसिड केव्हाच संपलं होतं.